चाड्यावरची मूठ

"सोड ती मूठ! वांझेच्या हातानं पेरलेलं उगवतं व्हय गं?"

सोजरबाईनं सुनेची ओटी हिसकली तसं शाळू ज्वारीचं बी काळ्या रानात सांडलं. पेरणीच्या तिफणीमागं चालत चाड्याच्या लाकडी वाटीत मुठीनं बी सोडणारी नागूबाई मुकाट बांधावर जाऊन बसली. मोडनिंबच्या त्या रानात ओल झकास होती, बैल नेटानं ओढत होते, आणि तिफण हाकणारा तिचा नवरा कुंडलिक मात्र मेल्याहून मेला झाला होता.

कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं तो बायकोला घेऊन सोलापुरात भवानी पेठेतल्या एका डॉक्टरकडं गेला होता. नागूबाईला बाहेर बाकड्यावर बसवलं होतं. डॉक्टरनं त्याचं वीर्य भिंगाखाली तपासून त्याला विचारलं, "पोरपणी गालगुंड झालं होतं का?" झालं होतं, मिसरूड फुटायच्या वयात. गालांना आईनं लेप लावला; पण चार दिवसांनी सूज खाली जांघेत उतरली, ताप फणफणला, आणि हे लाजेकाजेनं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. कडब्याच्या गंजीआड कण्हत पडून राहिला. सूज गेली, पण जाताना सगळं आक्रसवून गेली.

"तुझ्यात बीजच नाही," डॉक्टर म्हणाला. "बायकोला बोल लावू नकोस."

बाहेर येऊन कुंडलिक बायकोला म्हणाला, "वाट बघा म्हणलाय डाक्टर."

गाय फळली नाही तर गावात आधी वळू बदलतात. माणसांच्या बाबतीत तेवढी अक्कल कुणी चालवत नाही. पेरणी उरकली तशी सोजरबाईनं दुसरी सून बघायला घेतली. येईल तिच्याही कपाळी हेच, हे कुंडलिकला दिसत होतं, पण तोंड उघडायची छाती होईना. त्याच हिवाळ्यात आणीबाणीतली नसबंदीची जीप गावात आली. गडीमाणसं तुरीत लपली, आणि हा आपल्या पायानं जाऊन जीपमध्ये बसला. लेकरं किती म्हणून विचारलं, तर "तीन" म्हणाला.

"माजा वंस कापला गं सरकारनं!" सोजरबाईनं ऊर बडवला. सारं गाव हळहळलं. कापलेल्याला पोरगी कोण देणार? सोयरीक मोडली. आपल्याला सवत नको म्हणून धन्यानं हे केलं, असं नागूबाईनं मनाशी धरलं. त्याचे पाय चेपताना ती रडायची, आणि कुंडलिकला ते पाय तोडून टाकावेसे वाटायचे.

उन्हाळ्यात सरकार बदललं. एक दिवस सोजरबाई बाजारातनं हरखून आली. "कुंडल्या, सोलापुरात नस जोडून देत्यात म्हणं! उद्याच चल."

नागूबाई भाकरी थापत होती. "जावा की," ती म्हणाली. "आन् जोडून आलं की दुसरी बी करा. माजी ना न्हाय. घरात पाळणा तरी हालूंदे. मी वांझोटी ऱ्हाईन पडून कोपऱ्यात."

आता मात्र कुंडलिकच्यानं ऐकवेना.

"आई, जोडून उपेग न्हाय. आदी बी काय नव्हतं. गालगुंड झालतं तवाच समदं गेलंय. डाक्टरनं सांगितलं हुतं मला. दोष माजा हाय."

तव्यावरची भाकरी करपली. पिठाचे हात तसेच धरून नागूबाईनं विचारलं, "म्हंजी... मी वांझ न्हाय?"

"न्हाईस."

"आन् तुमाला ठावं हुतं?"

त्यानं मान डोलावली. त्यानंतर तिनं ताट वाढलं, रानात भाकरी पोचवली, पण पावसाळा संपेतो त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढच्या पेरणीला सोजरबाई बांधावरच बसली. "नागू, मूठ तूच धर बाई," ती म्हणाली.

नागूबाईनं ओटीत बी घेतलं, चाड्यावर मूठ धरली, आणि हलेचना.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "पेरणीला वांझेचा हात चालत न्हाय न्हवं?"

कुंडलिकनं कासरा टाकला आणि बाजूला झाला. भर रानात त्याचे डोळे भरून आले.

"धरा कासरा," ती म्हणाली. "मला समदी म्हणत हुती तसं मी न्हाय म्हणायची तुमाला."

तिफण चालू लागली. मागं नागूबाई रडत होती, पण बी सारखं पडत होतं.