ठरवून केलेली चूक

सरकारने गणित शिकवण्याचं नवं धोरण आणलं आणि चौथीच्या बाईंची झोप उडाली. धोरण वाईट असतं तर नावं ठेवून मोकळं होता आलं असतं, पण ते चांगलं होतं. मूल चुकलं की चूक पुसायची नाही, रागवायचं नाही. "तुला असं का वाटलं?" असं विचारायचं आणि तिथूनच हळूहळू बरोबर उत्तरापर्यंत न्यायचं. तपासणीत ज्यांना हे जमणार नाही, त्यांची रवानगी वर्षभराच्या प्रशिक्षणाला, दूरच्या शहरात. बाईंची आई अंथरुणाला खिळलेली, आणि बाईंशिवाय ती कुणाच्या हातून घोटभर पाणीही घेत नसे.

बरं, चूक काही सांगून येत नाही. ऐन तपासणीत कुणी चुकलंच नाही तर? किंवा भलतंच काही चुकलं आणि बाईंचीच बोबडी वळली तर? या धास्तीने बाईंनी चूकच आधी ठरवून टाकली. ती करायला निवडली वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, म्हणजे ऐनवेळी घोटाळा नको. तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत.

"मी विचारीन, एक तृतीयांश मोठा की एक पंचमांश. तू म्हणायचं, एक पंचमांश. कारण पाच मोठे."

"पण बाई, ते चूक आहे."

"माहितेय गं. नाटकात कुणाला तरी राक्षस व्हावंच लागतं ना? आणि मी सांगेपर्यंत आपलं उत्तर सोडायचं नाही हं."

तपासणीच्या मॅडम मवाळ चेहऱ्याच्या होत्या. मांडीवर टॅब घेऊन त्या खिडकीशी बसल्या. बाईंनी खडू घेऊन फळ्यावर दोन्ही अपूर्णांक लिहिले. त्यांनी प्रश्न विचारला, तर चिमणीच्या आधी मागच्या बाकावरची एक उंच मुलगी उठली. "दोन्ही सारखेच, बाई. दोन्हींत वर एकच आहे."

अस्सल चूक आपल्या पायांनी चालत आली होती. पण तिचं काय करायचं हे बाईंनी ठरवलंच नव्हतं. "तू बस खाली," त्या घाईने म्हणाल्या. "चिमणी, तू सांग."

चिमणीने घडाघडा सांगितलं. बाईंनी गोड आवाजात "तुला असं का वाटलं?" विचारलं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, तोच मॅडम उठून चिमणीजवळ आल्या.

"समज, एक पाव तिघांत वाटला. तेवढाच दुसरा पाच जणांत वाटला. मोठा तुकडा कुणाला मिळेल?"

चिमणीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातल्या खडूकडे नजर वळवली.

"पाच जणांना," चिमणी म्हणाली. वर्ग खो खो हसला. तिचे कान लाल झाले, पण ती उत्तराला चिकटून राहिली.

मॅडम टॅबवर काहीतरी लिहीत हळू आवाजात बाईंना म्हणाल्या, "तुमची पद्धत छान आहे, तुम्ही पास. या मुलीचा पाया मात्र फारच कच्चा आहे. वर्षभर गणिताला हिला दुसरीच्या मुलांत बसवा. आत्ताच नोंद करते, नंतर बदलता येत नाही."

बाईंच्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. नंतर काहीतरी मार्ग काढू, असं मन म्हणत होतं. पण काढायचा कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मॅडमचं बोट काचेवर टेकणारच होतं.

चिमणी अजून उभीच होती. तिने हात वर केला.

"बाई, आता खरं उत्तर सांगू?"

मॅडमचं बोट थांबलं. त्यांनी आधी चिमणीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"सांग," बाई म्हणाल्या. खडू खाली ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "आणि मघाचं उत्तर तुला कुणी शिकवलं, तेही सांग."