मागाहून आलेलं मीठ

चुलीवरच्या जेवणासाठी सकाळी उठून एवढ्या लांब गाडी हाकायची, ही काही हौस नव्हती. बाबांची चव गेली होती. ज्या माणसाने उभा जन्म खानावळ चालवली, शितावरून भाताची परीक्षा केली, त्याची जीभ एका तापाने पार कोरी करून टाकली. डॉक्टर म्हणाले, चव येईल, कदाचित नाहीही येणार. एवढं तर कोणीही सांगितलं असतं!

तेव्हापासून बाबा दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. सदरा अंगावर नुसता लोंबायला लागला. "सूनबाई, चवच नाही तर गिळायचं कशाला?" असं त्यांनी एकदा तिला एकटीला गाठून विचारलं. त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. नवऱ्याला तिने हे सांगितलंच नाही. तो आधीच हवालदिल झालेला. लांबच्या एका गावात जुन्या पद्धतीचं जेवण मिळतं, त्याने मेलेली जीभ जागी होते, असं कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं आणि हा निघाला सगळ्यांना घेऊन. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

जागा साधीच होती. लांब बाकं, मातीची भांडी, धुराने काळवंडलेलं छप्पर. वाढणाऱ्या बाईंनी भात घातला, वर लालभडक रस्सा ओतला आणि "आलेच" म्हणून आत गेल्या. ताटाला कोणी हात लावला नाही. छोट्या चिमणीने लावला असता, पण तिने लेकीचं मनगट धरून ठेवलं होतं. त्यांच्या घरात पहिला घास बाबांचा. त्यांनी मान डोलावली की मग बाकीच्यांनी जेवायचं. हा खानावळीतला नियम घरात आला होता, आणि बाबांची चव गेली तरी तो मोडायची कोणाची छाती झाली नव्हती.

बाबांनी घास घेतला. सावकाश चावला. तिचा जीव टांगणीला लागला.

"वा!" बाबा म्हणाले. "मीठ कसं अगदी मोजून घातलंय!"

"लागलं ना, बाबा?" नवरा जवळजवळ ओरडलाच. "मी म्हटलं नव्हतं? आता परत खानावळीत बसायचं तुम्ही!" सुतावरून स्वर्ग गाठायला ह्याला सूतही लागत नाही. पण तिच्याही जिवात जीव आला. डोळे पुसत तिने घाईघाईने घास तोंडात टाकला.

रस्सा अळणी होता. मीठ औषधालाही नव्हतं.

समोर नवऱ्याचा घास तोंडातच थांबला होता.

"आई, यात मीठच..." चिमणीने तोंड उघडलं.

"जेव गुपचूप. छान आहे."

तेवढ्यात बाई हातात वाटी घेऊन आल्या. "अगंबाई, सुरुवात केलीत होय? आमच्याकडे मीठ मागाहून वाढतात हो, ज्याला जसं हवं तसं. अळणीच गिळताय की काय सगळे?" त्या एकट्याच हसल्या.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "तुमची एवढी धडपड बघवेना," ते खाली बघत म्हणाले. "म्हटलं, तुमचा तरी दिवस गोड होऊ दे."

नवरा हात धुवायला म्हणून उठून गेला.

"किती घालू, आजोबा?" बाईंनी विचारलं.

बाबांनी सुनेकडे पाहिलं. मीठ किती, हे त्यांनी आजवर कोणालाही विचारलं नव्हतं. "तू सांग," ते म्हणाले.

तिने मीठ घातलं, कालवलं आणि त्यांच्याच ताटातला घास खाल्ला. "आधी आंबट लागतंय, बाबा," ती म्हणाली. "मग तिखट. जिभेला नाही, घशाला झोंबतंय. कांदा जास्त भाजलाय, तुम्ही ओरडला असतात."

बाबांनी घास उचलला. दुसरा उचलला. ती बोलत होती तोवर त्यांचा हात चालत होता. ती श्वास घ्यायला थांबली तसा हातही थांबला. ती घाबरली आणि पुन्हा बोलायला लागली. लसूण झाला, धुराचा वास झाला, रस्सा झाला, भात झाला. ताटात अजून अर्धं जेवण होतं आणि तिच्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिने त्यांच्या ताटातला आणखी एक घास घेतला.