एका घराला एक पोते

मी एक जुना ताणकाटा आहे, मित्रांनो. बिबवेवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडच्या दारात मी टांगलेला असतो. वर कडी, खाली आकडा, मध्ये पितळी तबकडी आणि तबकडीच्या मागे माझा जीव, म्हणजे एक पोलादी स्प्रिंग. आकड्याला वजन लावले की ती ताणली जाते. वजन दुप्पट, तर ताणही दुप्पट. पण या ताणण्याला एक हद्द असते. ती ओलांडली की स्प्रिंग मूळ जागी परत येत नाही आणि काटा खोटे बोलू लागतो. म्हणून मला घडवणाऱ्या कारागिराने तबकडीवर एक तांबडी रेघ ओढून ठेवली होती.

माझी उमेदीची वर्षे मार्केट यार्डात गेली. हिंदुराव नावाच्या कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मी काम करत असे. शेतकरी पोते लावताना हिंदुरावांच्या तोंडाकडे न बघता माझ्या सुईकडे बघत. "काटा खरा हाय," असे कोणी म्हटले की दिवसभराचा शीण जाई. मग विजेवर चालणारे काटे आले. मला माळ्यावर टाकले. तिथे कोळ्यांनी माझ्या सुईभोवती जाळी विणली. पुढे कधीतरी मी भंगारात गेलो, आणि त्या ढिगातून मला सरुबाईने उचलले.

सरुबाई या शेडची राखणदार. शेड महापालिकेचे. रोजचा कचरा घंटागाडी नेते, पण फाटक्या चादरी, उशा, मोडकी खेळणी, थर्माकोल असले सामान ती घेत नाही. ते लोकांनी इथे आणून द्यायचे. पूर्वी त्याला काही धरबंद नव्हता. कोणी दुकानातली खोकी आणून ओती, कोणी जुन्या फरशीचा राडारोडा. संध्याकाळी येणारा टेम्पो एकच, आणि तोही लहान. उरलेले सामान रस्त्यावर येई, कुत्री ते ओढत आणि शेजारच्या बालवाडीतली मुले नाक दाबून जात. समोरच्या सोसायटीतले श्यामसुंदर काका, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, रोज फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयाला पाठवत. शेवटी दारावर पाटी लागली: 'एका घराला दिवसाला एकच पोते. वजन दहा किलोपर्यंत.' टेम्पोत मावेल तेवढेच घ्यायचे, असा त्याचा हिशेब होता.

पाटी लागली त्या दिवशी मुकादम मच्छिंद्र सरुबाईला म्हणाला, "मावशी, आता एक जरी तक्रार आली तर शेडला कुलूप. तुमची बदली मग येरवड्याच्या शेडवर."

सरुबाईच्या घरी सासू, सोजरबाई, अंथरुणाला खिळलेली होती. दुपारी सरुबाई पळत जाऊन तिला दोन घास भरवून येई. येरवड्याहून ते जमणार नव्हते.

तेव्हापासून ती कडक झाली. माझी सुई दहाच्या पुढे गेली की म्हणे, "वर गेलं, दादा. थोडं काढा, उद्या आणा."

"सोनं मोजताय का?" एकदा एकाने टोमणा मारला.

"सोनं असतं तर इथं आणलं असतं व्हय?" सरुबाई म्हणाली, आणि त्याला निम्मे पोते परत न्यायला लावले.

एका सकाळी काकांच्याच सोसायटीतल्या सुहासिनीबाई आणि त्यांची मुलगी सुनीती एक ढकलगाडी घेऊन आल्या. गाडीवर कापसाची जाडजूड दुहेरी गादी, दोन गोधड्या आणि उशी. सुहासिनीबाईंचे यजमान शरच्चंद्र पुष्कळ दिवस आजारी होते, आणि आठ-नऊ दिवसांपूर्वी ते गेले होते.

सरुबाईने गादीला हात लावून पाहिला. माझ्या आकड्याला टांगायची गरजच नव्हती.

"ताई, हे लई होतंय."

"मावशी, आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण सुतक फिटायच्या आत घराबाहेर काढतात," सुनीती म्हणाली. "उद्या सुतक फिटतंय. आई त्या खोलीत पाऊल टाकत नाहीये. रोज बाहेर खुर्चीत बसून झोपते."

"आमच्यात बी काढत्यात, ताई. म्या काय परकी हाय? पर..." सरुबाईने पाटीकडे पाहिले, आणि पाटीखाली उभ्या असलेल्या श्यामसुंदर काकांकडे. ते नेहमीप्रमाणे हातात फोन घेऊन आले होते.

सुनीती भडकली. "काका, काढा फोटो! बाबा तुमच्या वरच्याच मजल्यावर राहत होते, एवढं तरी लक्षात आहे ना?"

"सुनीती, पुरे," सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या. "सरुबाई, आमच्यासाठी तुमची ही जागा जायला नको. आम्ही परत नेतो." आणि त्यांनी स्वतःच ढकलगाडीचा दांडा धरला. त्यांना ती गाडी वळवता येईना.

सरुबाई पुढे झाली, थांबली, पुन्हा पुढे झाली. घ्यावे तर सासूचे हाल, न घ्यावे तर या बाईचे. मी वरून हे पाहत होतो, आणि माझ्या आकड्याला काहीच लावलेले नव्हते.

श्यामसुंदर काकांनी चष्मा वर केला आणि पाटी पुन्हा वाचली. सगळी, मोठ्याने.

"एका घराला एक पोतं. बरोबर?"

"व्हय," सरुबाई म्हणाली.

"माझ्या घरातून आज काही आलेलं नाही. बरोबर?"

"तुमच्या घरातनं नुसत्या तक्रारी येत्यात, काका."

"त्यांचं वजन होत नाही." काकांनी फोन खिशात घातला. "वहिनी, गाडी राहू द्या. आमच्या जिन्यात आठ घरं आहेत, आणि आज सगळ्यांचे हात रिकामे आहेत. मी बोलावून आणतो. सरुबाई, नियम मोडत असेल तर आत्ताच सांगा."

सरुबाईने क्षणभर विचार केला. प्रत्येक घराची टेम्पोतली जागा ठरलेली होती. ती ज्याची त्याने कशाने भरावी, हे पाटीवर नव्हते.

"मोडत न्हाई," ती म्हणाली आणि कात्री आणायला आत गेली.

गादीची शिवण तिने स्वतः उसवली. शेजारपाजारचे रिकामी पोती घेऊन खाली आले. कोणी कापूस भरला, कोणी गोधडी. एकेक घर पुढे येई, पोते माझ्या आकड्याला लावी, सरुबाई सुई पाही आणि मान हलवी. श्यामसुंदर काकांनी आपले पोते दाबून दाबून भरले होते.

"वर गेलं, काका. थोडं काढा."

"एवढंसं तर आहे!"

"पाटी वाचा."

सुनीतीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आले. काकांनी मुकाट्याने चार मुठी कापूस काढून मागच्याच्या पोत्यात घातला.

शेवटी उरली ती उशी आणि गादीची रिकामी खोळ. ते सुहासिनीबाईंच्या घराचे पोते. त्यांनी ते दोन्ही हातांनी माझ्या आकड्याला अडकवले. माझी सुई जराशी हलली आणि थांबली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

वजन तर केव्हाच कळले होते. तरी सरुबाईने पोते लगेच उतरवले नाही. मागे एक माणूस मोडकी सायकल घेऊन ताटकळत होता. त्याला तिने हातानेच थांबवले. सुहासिनीबाईंनी उशीवरून एकदा हात फिरवला, मग स्वतःच पोते उतरवून सरुबाईच्या हातात दिले.

संध्याकाळी टेम्पो आला. सगळे त्यात मावले.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत अशी एखादी पाटी असेल. ती पाळा, ती कोणाच्या तरी दुपारच्या दोन घासांसाठीही असते. आणि आपल्या वाट्याचे पोते रिकामे असेल, तर आपल्या जिन्यात आज कोणाचे घर जड झाले आहे, एवढे जरा विचारून या.