चार खिशांचा पट्टा

मित्रांनो, खिळ्याला टांगलेला दिसतो म्हणून मला टाकाऊ समजू नका. मी एक जुना पैशांचा पट्टा आहे, प्रवासात कपड्यांच्या आत कमरेला बांधतात तसला. माझ्या अंगावर चार खिसे आहेत आणि डाव्या अंगाला एक काळपट डाग आहे. तो रक्ताचा आहे. दोनदा धुतला, पण गेला नाही. आता तुम्ही म्हणाल, पट्ट्याचा कसला आलाय इतिहास! ऐका तर खरं.

ट्रकवरचा माल आवळायचे पट्टे शिवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे कुणी कुणाला कुरवाळत नाही. मला लांब पट्ट्यातून कचकन कापलं. कापलेली टोकं उसवू नयेत म्हणून आगीवर जाळली. भोकं पाडायला हातोड्याने बडवलं आणि मग जाड सुईने शेकडो वेळा आरपार भोसकलं. हे सगळं करणारे कारागीर म्हणजे दोन मुलींचे बाबा. त्यांच्या हातचा पट्टा तीस वर्षांत एकदाही तुटला नव्हता. चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ते ही गोष्ट मान ताठ करून सांगत.

मला मात्र त्यांनी मालासाठी नाही, थोरल्या मुलीसाठी शिवलं. ताई आणि धाकटी पाठीवर बॅगा टाकून नव्वद दिवसांत चार देश फिरणार होत्या. ताईला शाळेत असल्यापासून एक धुमसता डोंगर जवळून बघायचा होता, आणि तो नेमका चौथ्या देशात होता. त्यासाठी तिने चार वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून पैसे साठवले. वहीत प्रत्येक देशाचा रोजचा खर्च मांडला. महागड्या देशात दिवस कमी, स्वस्त देशात जास्त. प्रत्येक देशाचे पैसे वेगळ्या खिशात, आणि पुढच्या देशाच्या खिशाला आधी हात लावायचा नाही, हा तिचा नियम. ती पैसे मोजायचीसुद्धा दिवसांत. चपला तुटल्या की म्हणायची, "गेला पाऊण दिवस!"

निघायच्या आधी बाबांनी मला छताच्या आकड्याला लटकवलं आणि खाली वाळूची पोती बांधली. एक, दोन, तीन. मी हूं की चूं केलं नाही. "बघ," बाबा म्हणाले, "बैल बांधलास तरी सुटायचा नाही." बक्कलही त्यांनी ट्रकचंच लावलं. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ते उघडत नसे.

"अहो बाबा, ताईला बांधायचाय, ट्रकला नाही," धाकटी म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. आज ते हसणं आठवलं की लाज वाटते.

पहिल्या देशाच्या सीमेवरच्या नाक्यावरच आम्ही मार खाल्ला. रांग मोडली, माणसं माणसांवर चढली, आणि शिपायांनी काठ्या चालवल्या. एक काठी ताईच्या पोटावर आली ती मी झेलली. दुसऱ्या देशात तर भर बाजारात एकाने तिच्या सदऱ्याखाली हात घालून मला पिरगाळलं. मी हललो नाही. ताईने वळून हातातली स्टीलची बाटली त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी ती हाणतच होती.

"अगं, मारून टाकशील त्याला!" धाकटी ओरडली.

"आपले एकोणतीस दिवस आहेत त्यात!" ताई दातओठ खात म्हणाली.

खोलीवर गेल्यावर तिने मला थोपटलं. "शाब्बास रे पट्ट्या!" मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो. आपल्यासारखे आपणच, असं वाटायला लागलं.

तिसरा देश स्वस्त होता. भर दुपारी एक वाजता आम्ही बसमधून उतरलो. मुक्कामाची जागा तिथून तासाभराच्या वाटेवर. धाकटीच्या टाचांना फोड आले होते.

"ताई, टॅक्सी करू या ना."

"अर्धा दिवस जाईल."

"जाऊ दे की!"

"डोंगरापाशी गेल्यावर तो अर्धा दिवस तू आणून देणारेस? चल मुकाट्याने."

चालता चालता ताईने पाणी प्यायला हात वर केला. सदरा वर सरकला आणि मी उघडा पडलो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवर दोघे होते. मागच्याने वाकून माझ्यात हात खुपसला, मला मुठीभोवती वेढा दिला, आणि पुढच्याने गाडी पळवली.

दुसरा कुठलाही पट्टा तुटला असता. मी तुटलो नाही.

ताई आडवी झाली आणि आम्ही फरफटत निघालो. तिचा गुडघा सोलला, कोपर सोललं, कान फाटला. एका हाताने ती चाकापासून डोकं वाचवत होती, दुसऱ्या हाताने बक्कल दाबत होती. एका हाताने ते उघडणार कसं?

"सोड! ताई, देऊन टाक त्यांना पैसे!" धाकटी मागून धावत ओरडत होती.

"सुटत नाही गं!"

त्या चोराचीही मूठ माझ्यात अडकली होती. तोही किंचाळत होता. मी जन्मात पहिल्यांदा देवाला हात जोडले असते, पण मला हात कुठले? एक टाका उसव रे, एकच टाका, असं म्हणत राहिलो. एकही उसवला नाही.

शेवटी गाडी खांबावर आदळली, वेढा सैल पडला आणि मागच्याची मूठ सुटली. पुढचा उठला, त्याने लोखंडी सळई काढली आणि ताईच्या मांडीवर घातली. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा हात उचलला तोवर धाकटी पोहोचली. तिच्या बॅगेत स्वयंपाकाचा लोखंडी तवा होता. बाहेर खाणं परवडत नाही म्हणून ताईनेच तो घ्यायला लावला होता. तिने अख्खी बॅग गरगर फिरवून त्याच्या डोक्यात घातली. तो कोसळला. लोक धावले. दोघे चोर रक्ताळलेले, एकमेकांना ओढत पळाले.

इस्पितळात बक्कल वाकून अडकलेलं, आणि मला कात्रीने कापता येईना. शेवटी प्लास्टर कापायचं यंत्र आणलं. "कुणी शिवलाय हा?" डॉक्टर वैतागून म्हणाले. माझ्यातली एक नोट गेली नव्हती. पण ताईच्या मांडीचं मोडलेलं हाड सांधायला ऑपरेशन करून आत सळई बसवण्यात तिसरा खिसा रिकामा झाला, मग चौथाही.

शुद्धीवर येताच ताईने विचारलं, "चौथा खिसा?"

"मी रिकामा केला," धाकटी म्हणाली.

ताईने तिच्या थोबाडीत मारली. मग त्याच हाताने तिला जवळ ओढलं, आणि दोघी ओक्साबोक्शी रडल्या. दुसऱ्या दिवशी धाकटीने घरी फोन करून परतीच्या तिकिटांचे पैसे मागवले.

घरी बाबांनी माझा टाका न् टाका तपासला. "एकही गेला नाही," ते पुटपुटले. या वेळी मान खाली होती. मग त्यांनी हातोडा घेतला आणि माझं बक्कल चपटं होईपर्यंत ठेचलं. त्यात त्यांचा अंगठाही ठेचला, तरी थांबले नाहीत. नंतर मला शिलाई मशीनसमोर या खिळ्याला टांगलं.

तीन वर्षांनी ताई लंगडत कारखान्यात आली. हातात नवी वही होती. "बाबा, पट्टा शिवून द्या. शेवटचा देश राहिलाय." वहीत पहिलीच ओळ टॅक्सीची होती. पैसे आता तीन ठिकाणी राहणार होते, थोडे मोज्यात, थोडे बॅगेच्या तळाशी, आणि जेमतेम दोन दिवसांचे पट्ट्यात.

 बाबांनी पातळ कापड घेतलं, कच्चा दोरा घेतला. "बांध," म्हणाले. ताईने बांधला. बाबांनी तो धरून जिवाच्या आकांताने हिसका दिला. पट्टा टर्रकन तुटून त्यांच्या हातात आला आणि ताई होती तिथेच उभी राहिली. त्यांनी तो पुन्हा शिवला, पुन्हा ओढला. पाचदा. पाचही वेळा तुटला, आणि पाचव्या वेळी ते खाली बसून हुंदके देत हसायला लागले.

आज माझ्या शेजारच्या खिळ्याला एक फोटो आहे. धुमसत्या डोंगरासमोर ताई काठी टेकून उभी आहे. कमरेला पट्टा नाही. तो वाटेतच कुणीतरी हिसकावून नेला. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबांनी आनंदाने टेबलावर मूठ आपटली. "तुटला ना? तुटला ना गं?" असं विचारत राहिले.

मित्रांनो, वस्तू जपा, असं माझे सगळे भाऊबंद तुम्हाला सांगतात. मी हात नसताना हात जोडून उलटं मागतो. मला कुणी ओढलं, तर मला जपू नका. जाऊ द्या मला.