भिंतीपलीकडची घंटा

नेरिस घरून शिकवायची तो ऑनलाइन वर्ग रोज दिवेलागणीला मध्येच तुटायचा. कंपनीनं कळवलं होतं, पुन्हा असं झालं तर वर्ग दुसऱ्या कोणाला देऊ. घराचा हप्ता त्याच पगारातून जात होता.

तिनं टेलिफोनच्या मुख्य सॉकेटमधून जुन्या फोनची घंटा वाजवणारी तिसरी तार काढली. ही तार अँटेनासारखी हवेतला गोंधळ ओढून घेते. वेग वाढला, पण वर्ग तुटायचा थांबला नाही. लाइनवर कोणी बिनफिल्टरचा फोन उचलला की ब्रॉडबँड असंच पडतं. पण घरातल्या सगळ्या फोनना फिल्टर, म्हणजे फोन आणि ब्रॉडबँड वेगळे ठेवणाऱ्या डब्या, होते आणि उचलणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

मग तिला दिसलं, मुख्य सॉकेटमधून आणखी एक केबल निघाली होती. ती जिन्याखाली जाऊन भिंतीच्या भोकात शिरली होती. पलीकडे शेजारच्या ऑल्वेन आंटींचं घर. ती विचारायला गेली.

"हा होय?" आंटींनी खिडकीतला काळा फोन दाखवला. "ग्वॅलडिसनं ओढून दिलेला. बिल तिचं, बडबड माझी!"

ग्वॅलडिस म्हणजे त्यांची बहीण. ती वारल्यावर नेरिसनं तिचं घर घेतलं होतं.

"मग आता कोणाशी बोलता?"

"संध्याकाळी उचलते, 'दार लावून घे गं' म्हणते, ठेवते. जिवंतपणी तरी कुठे धड उत्तर द्यायची?" आंटी हसल्या. "मधूनमधून घंटा वाजायची. मी उचलायची नाही. वाजली की कळायचं, आहे ती घरात. गेल्या आठवड्यापासून तेही बंद. रुसली असेल."

त्या घंटा नेरिसला आलेल्या फोनच्या होत्या. त्या बंद झाल्या तिनं तार काढली म्हणून. हे सांगायला तिची जीभ रेटेना.

"पोरी, तोडणार का गं?"

"नाही हो. एक डबी लावते फक्त."

तिनं त्या फोनला फिल्टर लावला. फिल्टरमध्ये तिसऱ्या तारेशिवाय घंटा वाजवायची सोय असतेच. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला आणि भिंतीपलीकडूनही घंटा ऐकू आली. वर्ग पुन्हा कधी तुटला नाही. आंटी कधी फोन उचलतात, हेही मग कळेनासं झालं.

हिवाळ्यात आंटी गेल्या. पलीकडच्या घराला कुलूप लागलं. केबल तेवढी राहिली. ती काढायला नेरिसचा हात धजला नाही.

एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडची घंटाही वाजली. नेरिस उठून हात पुढे करतेय तोच दोन्ही घंटा एकदम थांबल्या. आईनं ठेवला असेल, ती स्वतःशी म्हणाली. मोडेमचा हिरवा दिवा जराही हलला नव्हता. फिल्टर चोख काम करत होता. पलीकडे कोणी उचलला का, ते दिव्यावरून आता कळणार नव्हतं.

तिनं रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आई कोणाला तरी सांगत होती, "हो, हो, सांगते तिला, 'दार लावून घे गं' म्हणून."