उजेडाचा पट्टा

शिक्षिकेच्या नोकरीसाठी मी आतापर्यंत दोन शाळांमध्ये डेमो, म्हणजे नमुन्याचा तास, देऊन आले होते. पांढुर्ण्याच्या शाळेनं ‘फोन करू’ म्हणून वाटेला लावलं, तो फोन अजून येतोय. छिंदवाड्याच्या शाळेनं तर नंबरही घेतला नाही. तिसरी शाळा आमच्या सौंसरचीच. तिथं चिठ्ठी उचलायला लावली, ती उघडली तर विषय निघाला, ‘अंतरिक्ष काला क्यों दिखता है’. पाचवीच्या पोरांना, हिंदीतून, पंधरा मिनिटांत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

ही नोकरी मला आईसाठी हवी होती. माझी आई चंद्रकला वीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस लोटते. मशीन रुई एकीकडे टाकते, सरकी दुसरीकडे, आणि बारीक तूस हवेत सोडून देते. ते तूस तिच्या छातीत जाऊन बसलं. नागपूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, आधी कापसातून बाहेर काढा, नाहीतर औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आईचं एकच म्हणणं होतं, “तुले नोकरी लागू दे प्रज्ञा, मंग सोडतो.”

डेमोच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा डबा घेऊन जिनिंगवर गेले. वाटेत ‘प्रकाश का प्रकीर्णन’, म्हणजे उजेडाचं विखुरणं, घोकत होते. माझा मलाच कंटाळा आला होता, मग पोरांचं काय होणार! शेडच्या पत्र्याला एक भोक आहे. त्यातून उन्हाचा पट्टा तिरपा खाली उतरला होता, इतका जाड की त्यावर लुगडं वाळत घालावं.

“काय पाहून राहिली?” आईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“उजेड.”

“तो उजेड नाही वं, तूस हाय. रविवारी मशीन बंद असते, तवा मी शेड झाडाले येतो ना, पट्टा दिसतच नाही. भुईवर उन्हाचा चकता पडते तेवढाच. मधात काहीच नाही, अंधार.” एवढं बोलली आणि खोकत बसली.

मी डबा तिच्या पुढ्यात ठेवला. बी.एस्सी. करून मला जे सांगता येत नव्हतं, ते हिनं झाडू मारता मारता पाहून ठेवलं होतं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता, पण राग आला. वीस वर्षं ती त्याच पट्ट्यात श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी निघताना तिचं ते न धुतलेलं फडकं पिशवीत टाकलं.

वर्गाच्या खिडक्या लावल्या आणि एका फटीला भोक पाडलेला पुठ्ठा चिकटवला. समोरच्या भिंतीवर उन्हाचा गोल चकता पडला. उर्वशी नावाच्या एका पोरीनं विचारलं, “मैडम, ऊपर तो सूरज बुझता ही नहीं, फिर काला क्यों?” मी म्हटलं, खिडकीपासून भिंतीपर्यंत उजेड आला ना? मग मधे दिसतोय का? पोरं म्हणाली, नाही. मग मी फडकं झटकलं. वर्गात आरपार पट्टा उभा राहिला आणि पोरांनी ओरडून वर्ग डोक्यावर घेतला. उजेड कशाला तरी थडकून आपल्या डोळ्यांकडे वळला तरच दिसतो, मी सांगितलं. आपल्यावर हवा आहे, ती उजेड चहूकडे उधळते, म्हणून दिवसा आभाळ उजळ. हवेच्याही वर थडकायला जवळजवळ काहीच नाही. उजेड तिथूनच जातो, पण सरळ निघून जातो.

पहिल्या बाकावरचं एक पोरगं खोकलं. मी धावत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. मला फार लाज वाटली. मागे बसलेल्या प्राचार्या मात्र खूश होत्या. म्हणाल्या, “सोमवार से आ जाइए।”

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं नोकरीचं एका कानानं ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे तिथं वर तूस नाही, म्हून अंधार?”

“हो.”

“मंग खोकला बी नसन.”

“हवाच नाही तिथं, आई.”

“घ्या! म्हंजे तिथं बी आपलं जमत नाही.” हसली, आणि हसता हसता खोकली.

पण तिनं शब्द पाळला. सोमवारी ती जिनिंगवर गेली नाही. मी वेणी घालत होते, ती अंथरूण काढत होती. तिनं गोधडी झटकली आणि आमच्या पत्र्याच्या भोकातून थेट भुईपर्यंत पट्टा उतरला.

“पाह्य वं, इथं बी हाय!” तिला मोठी गंमत वाटली.

वीस वर्षं पदरातून, केसांतून ती ते तूस घरी आणत होती आणि त्याच्यावरच निजत होती. मी तिच्या हातातून गोधडी ओढून घेतली. घरातल्या सगळ्या गोधड्या अंगणात नेल्या आणि हात दुखेपर्यंत झटकल्या. शाळेची साडी पांढरी झाली. परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिच्या पायाशी नुसता चकता होता.

“पट्टा गेला काय?” तिनं डोळे न उघडताच विचारलं.

“गेला.”

“बरं झालं. आता जाय तू, उशीर होईन.”