रिकामं केलेलं कपाट

मी पुष्पावतीबाईंचं लोखंडी कपाट बोलतंय. माझ्या हातून एक नुकसान झालं. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतं.

माझा जन्म नागापूरच्या एका वर्कशॉपमधला. बाईंचे मालक काकासाहेब तिथे वेल्डर होते. लग्न ठरलं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत उरलेले पत्रे जोडून त्यांनी मला उभं केलं. लॉकरला मात्र दुहेरी पत्रा लावला. "ह्यातलं तुझ्याबिगर कुनी काढायचं न्हाई," असं नव्या बायकोला म्हणाले.

चाळीस वर्षं तसंच चाललं. काकासाहेब गेले, तरी त्यांची अवजारांची पेटी माझ्या खालच्या कप्प्यात होती आणि वरती बाईंच्या साड्या.

मग त्यांच्या मुलाला, कल्याणला, कॅनडात नोकरी लागली. सावेडीचा राहता फ्लॅट विकला. माणशी दोन बॅगा न्यायच्या होत्या. माणसं तीन: कल्याण, त्याची बायको दिपाली आणि सहा वर्षांची संस्कृती. बाईंना पारनेरला त्यांच्या भावाकडे, आप्पासाहेबांकडे ठेवायचं ठरलं. बाईंना ते ठरल्यावर कळलं.

बाई भाचीच्या लग्नाला पारनेरला गेल्या, तेवढ्या तीन दिवसांत मला रिकामं केलं. साड्या भांडीवालीला गेल्या. पेटी आसारामच्या भंगारच्या दुकानात गेली.

"आईंना विचारायचं का?" दिपाली म्हणाली.

"विचारलं की ती काही टाकूच देणार नाही," कल्याण म्हणाला.

मलाही भंगारात नेणार होते, पण आसारामच्या टेम्पोत जागा उरली नाही. घरभर पसारा असल्यामुळे, सामान हलायच्या आधीच तिघांच्या पासपोर्टांची फाईल माझ्या लॉकरमध्ये ठेवली होती; किल्ली लॉकरलाच राहिली.

बाई परत आल्या. माझ्या रिकाम्या कप्प्यांवरून त्यांनी हात फिरवला. हॉलमध्ये त्यांच्यासाठी एक पिशवी भरून ठेवली होती, ती पाहिली. रडल्या नाहीत. लॉकर उघडून फाईल बघितली, पुन्हा बंद केला, आणि किल्ली कमरेला खोचली.

निघायला चार दिवस राहिले तेव्हा कल्याणने विचारलं, "आई, लॉकरची किल्ली बघितलीस का?"

"मी हितं हुते का? तूच सगळं काढलंस. त्यातच गेली आसंल."

दोन दिवस तो आसारामच्या दुकानात उकिडवा बसून पोती उपसत होता. बापाची पेटी परत आणून एकेक पाना झटकून बघितला. भांडीवालीचं घर शोधून, उरलेल्या सात साड्या आणल्या. बाई खुर्चीत बसून बघत होत्या.

"त्या निळ्या साडीची घडी उलगडून बघितली न्हाईस," एवढंच म्हणाल्या.

किल्लीवाला आला आणि हात टेकून गेला. शेवटच्या दिवशी कल्याणने ग्राइंडर आणला. बाईंचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. दुहेरी पत्रा कापताना ठिणग्यांचा पाऊस आत पडला. प्लास्टिकची फाईल पेटली. पाणी ओतेपर्यंत तिन्ही पासपोर्ट काळे झाले होते.

विमान गेलं. फ्लॅटचा ताबा नव्या मालकाला द्यायचाच होता. मग सगळेच पारनेरला आले, माझ्यासकट. अडीच महिने कल्याण ओसरीवर माझ्या शेजारी झोपला. त्याचे कपडे पिशवीत असायचे. त्याची मामी रोज चहा देताना विचारायची, "मग, कधी निघायचं म्हन्तात?" मी ते रोज ऐकायचं आणि मला बरं वाटायचं.

एकदा तो बाईंना म्हणाला, "आई, दुसऱ्याच्या घरात पाणी मागायलाही जड जातं गं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "मला हितं धाडायच्या आधी इचारलं आसतंस, तर सांगितलं आसतं."



नवे पासपोर्ट आले. जाताना पाया पडून म्हणाला, "आई, चुकलं." बाईंनी पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जपून जावा." माफ केलं, असं म्हणाल्या नाहीत. मीही म्हणत नाही.

आता मी ओसरीच्या कोपऱ्यात आहे. पावसाचे शिंतोडे येतात, खालून गंज चढतोय. बाई अधूनमधून खोबरेल तेलाचं फडकं फिरवतात. फार वर्षं काढीन असं वाटत नाही.

तुम्हीही दूर देशी निघाला असाल, तर खुशाल निघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं कपाट रिकामं करण्याआधी फक्त त्याला विचारा. विचारायचं नसेल, तर तुमचं मोलाचं काही आमच्या पोटात ठेवू नका.